समास एक इंचाचा, गमती हातभर

व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन या त्रिकुटाचा 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला' हा पेपर २००० सालचा. जर्नल, खंड १६३, पृष्ठे ५१ ते ५९, सगळा पत्ता चोख. जगभरातल्या संशोधकांनी आपापल्या संदर्भसूचीत तो जवळजवळ चारशे वेळा नोंदवला आहे. खोट एवढीच, की असा पेपर कुणी लिहिलेलाच नाही आणि ते जर्नलही अस्तित्वात नाही. एल्सव्हिअर या बलाढ्य प्रकाशन संस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये 'संदर्भ असा द्यावा' म्हणून हा नमुना छापला होता. लोकांनी साचा जसाच्या तसा उचलला, त्यात आपले संदर्भ भरले आणि नमुना पुसायचा राहून गेला. मग एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने! २०१७ मध्ये एका डच प्राध्यापकाला संशय आला तेव्हा कुठे हे भांडं फुटलं.

जर्नलला पाठवण्यासाठी पेपर सजवणं हे पेपरमागच्या संशोधनापेक्षा अवघड असतं, हे पीएचडीचा कुठलाही विद्यार्थी शपथेवर सांगेल. टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, सारांश अडीचशे शब्दांत, आकृत्या वेगळ्या फाइलीत, तक्त्यांना उभ्या रेघा नकोत. एका जर्नलने नकार दिला की हा सगळा साज उतरवायचा आणि दुसऱ्याच्या आवडीचा चढवायचा. वाटतं, कुणी रिकामटेकडा बसून हे नियम काढत असावा. पण जरा खणलं तर जवळजवळ प्रत्येक नियमाखाली कुणाची तरी फजिती सापडते, कुणाचं तरी भांडण, नाहीतर मोडीत निघालेलं एखादं यंत्र.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा बोका

१९७५ सालची गोष्ट. मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी अतिथंड हीलियमच्या अणूंवर पेपर लिहिला. फिजिकल रिव्ह्यू लेटर्सला धाडण्याआधी एका सहकाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, पेपर झकास आहे, पण परत येणार. कारण? लेखक एकटा आणि मजकुरात जिथे तिथे 'आम्ही'. जर्नलचा दंडक असा, की 'आम्ही' लिहायचं तर लेखक एकाहून जास्त हवेत. आज हे काम 'शोधा आणि बदला'ने अर्ध्या मिनिटात होईल. तेव्हा टाइपरायटर होता. अख्खा पेपर नव्याने बडवावा लागला असता.

हेदरिंग्टन यांनी 'आम्ही' तसाच ठेवला आणि लेखक वाढवला. घरात चेस्टर नावाचा सयामी बोका होता. मांजराच्या शास्त्रीय नावातले फेलिस डोमेस्टिकस, मग चेस्टर, आणि चेस्टरच्या बापाचं नाव विलार्ड. झाले एफ. डी. सी. विलार्ड! पेपर छापून आला. सुट्या प्रती मित्रांना वाटताना हेदरिंग्टन यांनी स्वतःची सही केली आणि शेजारी सहलेखकाच्या पंजाचा ठसा उमटवला. १९८० मध्ये तर विलार्डसाहेबांचा स्वतंत्र लेख 'ला रशेर्श' या विज्ञान मासिकात आला, तोही फ्रेंचमध्ये.

बोका एकटा नाही. १९७८ मध्ये प्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅट्झिंगर यांनाही असाच व्याकरणाचा पेच पडला. 'असे आढळून आले', 'असे केले गेले' ही कर्मणी रचना त्यांना नकोशी, आणि 'मी मी' करणंही बरं दिसेना. त्यांनी आपल्या कुत्रीला गॅलाड्रिएल मर्कवुड या नावाने सहलेखिका केलं. २००१ मध्ये आंद्रे गाइम यांच्या पेपरवर 'एच. ए. एम. एस. टेर टिशा' असे एक लेखक झळकले. आद्याक्षरं आणि 'टेर' एका दमात वाचली की कळतं, तो हॅमस्टर होता. गाइम यांना २०१० मध्ये ग्राफीनसाठी नोबेल मिळालं. त्यात टिशाचा वाटा नव्हता.

लेखकांची नावं कुठल्या क्रमाने लावायची यावरून किती प्रयोगशाळांत अबोला धरला गेला असेल याची मोजदाद नाही. गणितात बहुतेक वेळा आडनावाच्या अकारविल्हे क्रमाने सुटका होते. बाकी ठिकाणी पहिलं नाव कष्ट करणाऱ्याचं, शेवटचं गाइडचं, आणि मधली नावं कुणी नीट वाचत नाही. १९७४ च्या एका पेपरासाठी हॅसल आणि मे या दोन परिस्थितिकी-अभ्यासकांनी वाद घालण्यापेक्षा मैदान गाठलं. इंपीरियल कॉलेजच्या क्षेत्रकेंद्रावर क्रोकेचे २५ डाव झाले, त्यावरून क्रम ठरला, आणि तसं त्यांनी पेपरात छापूनही टाकलं. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या पेपरासाठी एवढाही खटाटोप केला नाही, नाणं उडवलं. तो पेपर वॉटसन यांच्या बहिणीने टाइप केला आणि दुहेरी सर्पिलाची जगप्रसिद्ध आकृती काढली क्रिक यांच्या पत्नी ओडील यांनी. थोडक्यात, घरचं कार्य.

१९४८ मध्ये जॉर्ज गॅमाव्ह आणि त्यांचा विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी विश्वाच्या जन्मावेळी मूलद्रव्यं कशी घडली यावर पेपर लिहिला. आल्फर, गॅमाव्ह... मध्ये काहीतरी हुकतंय असं गॅमाव्ह यांना वाटलं, म्हणून त्यांनी मित्र हान्स बेथे यांचं नाव मध्ये घुसवलं. अल्फा, बीटा, गॅमा जमलं. अंकाची तारीखही १ एप्रिल. बिचारा आल्फर मात्र नाराज होता, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही: पीएचडीचं काम त्याचं, आणि दोन दिग्गजांच्या मध्ये त्याला कोण ओळखणार?

या सगळ्यावर कडी २०१५ ची. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा, सर्नच्या दोन प्रयोगांचा एकत्रित पेपर ३३ पानांचा. त्यातली पहिली ९ पानं संशोधनाची. उरलेल्या २४ पानांवर ५,१५४ लेखक आणि त्यांच्या संस्था.

आडनाव आधी की नंतर?

१९२४ मध्ये ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला इंग्रजी पेपर थेट आइनस्टाइन यांना पाठवला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिकला दिला. छापून आला तेव्हा लेखकाच्या जागी नुसतं 'बोस', पुढे ढाका विद्यापीठ. ना सत्येंद्र, ना नाथ, ना आद्याक्षर. अर्थात अनुवादक म्हणून खाली आइनस्टाइन यांचं नाव असेल, तर तक्रार कोण करणार?

आपल्याकडे घोळ वेगळा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जर्नलच्या अर्जात रकाने दोनच: पहिलं नाव आणि शेवटचं नाव. मग कुणी वडिलांना पहिल्या रकान्यात कोंबतं, कुणी गाळून टाकतं. समजा एखादीचे दोन पेपर लग्नाआधीच्या नावाने आले, नंतरचे तीन सासरच्या, आणि एकात विद्यापीठाच्या कारकुनाने आडनाव आधी लिहिलं. संगणकाच्या लेखी या तीन बायका. त्यांच्या कामाची बेरीज कुणीच करत नाही. यावर उतारा म्हणून २०१२ पासून ऑर्किड हा १६ खुणांचा क्रमांक मिळू लागला. फुकट मिळतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. शेवटची खूण पडताळणीची असते. हिशेब दहा आला तर तिथे अंकाऐवजी रोमन एक्स येतो. त्यामुळे आपल्या क्रमांकात एक्स दिसला तर छपाईची चूक समजून खोडू नका.

अस्तित्वात नसलेल्या नावाचीही एक गोष्ट आहे, आणि तिचा नायक आपला. गोव्यात जन्मलेले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी तेव्हा अलीगढला होते. तिथला एक सहकारी त्यांना सतावत असे. फ्रेंच गणिती आंद्रे वाइल यांनी खोडी सुचवली आणि कोसंबींनी पेपर लिहिला: 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापकीकरण'. हा डी. बूर्बाकी म्हणे रशियन, क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने गेलेला. माणूस बनावट, गणित मात्र खरं. संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेने पेपर छापला. वाइल आणि मंडळींनी पॅरिसमध्ये निकोला बूर्बाकी या टोपणनावाने गणिताचे जाडजूड ग्रंथ काढायला घेतले ते त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे शोधपत्रिकेत बूर्बाकीची एन्ट्री झाली ती एका मराठी माणसाच्या हातून.

'मिळाल्याची तारीख' ही बारीक ओळ

पेपराच्या पहिल्या पानावर तळाशी ती मुंगीएवढ्या अक्षरांत असते. भांडणं मिटवायची ताकद तिच्यात आहे. पूर्वी ती नव्हती, तेव्हा शास्त्रज्ञ काय करत? कोडी घालत. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना काहीतरी दिसलं. शोध तर आपल्या नावावर हवा, पण खात्री होईपर्यंत सांगायचा नाही. त्याने वाक्याची अक्षरं उलटीपालटी करून मित्रांना धाडली. केप्लरने डोकं खाजवून कोडं सोडवलं, आणि उत्तर काढलं: मंगळाला दोन चंद्र आहेत. साफ चूक! पण मंगळाला खरोखरच दोन चंद्र निघाले, १८७७ मध्ये. रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियमही १६७६ मध्ये असाच १४ अक्षरांच्या कडबोळ्यात लपवला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला.

हा लपाछपीचा खेळ हळूहळू बंद व्हायला हेन्री ओल्डेनबर्ग कारण झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या या सचिवाने ६ मार्च १६६५ ला फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्सचा पहिला अंक काढला. ते आजही निघतं. (फ्रेंचांचं जुर्नाल दे साव्हां त्याच वर्षी ५ जानेवारीला निघालं होतं, हे फ्रेंच माणसासमोर विसरू नये.) पत्र कधी आलं याची नोंद ओल्डेनबर्ग ठेवू लागला आणि आधी कोण, याचा निकाल तारखेवर लागू लागला. परदेशी लोकांशी एवढा पत्रव्यवहार करतो म्हणून १६६७ मध्ये हेरगिरीच्या संशयावरून त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं, हा संपादकपदाचा पहिला मोबदला.

आखूडशिंगी, बहुदुधी

शब्दमर्यादेच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी ऑयलरचा जवळजवळ दोनशे वर्षं जुना अंदाज खोटा पाडला. पेपर दोन वाक्यांचा. २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज बरोबर १४४ चा पाचवा घात. संगणकाने शोधलं, यांनी छापलं, विषय संपला.

जॉन कॉनवे आणि अलेक्झांडर सोयफर यांनी २००४ मध्ये त्याहून आखूड लिहायचं ठरवलं. शीर्षकात त्रिकोणांबद्दल प्रश्न, मजकुरात दोन शब्द आणि दोन आकृत्या. अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीच्या कार्यालयातून पत्र आलं: जरा फारच छोटा आहे, एखाद-दोन ओळी स्पष्टीकरणाच्या घाला ना. लेखक हटले नाहीत. २००५ मध्ये तसाच छापून आला.

सारांशाचा विक्रम २०११ चा. न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने पळाल्याची आवई उठली होती. मायकल बेरी आणि तिघांनी पेपर लिहिला. शीर्षक प्रश्नार्थक, या वेगाचं स्पष्टीकरण अमुक क्वांटम परिणामाने देता येईल का? खाली सारांश: बहुधा नाही.

आणि डेनिस अपर? लेखणी अडली की काय करावं यावर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये पेपर लिहिला. म्हणजे लिहिला नाही. शीर्षक आहे, नाव आहे, खाली कोरं पान. तळटीप अशी, की या पेपराचा काही भाग अमक्या अधिवेशनात वाचला गेला नव्हता. परीक्षकही तोडीस तोड भेटला. त्याने कळवलं, हस्तलिखित लिंबाचा रस लावून आणि क्ष-किरणांखाली धरून तपासलं, एकही दोष सापडला नाही.

दुप्पट अंतर कुणासाठी?

ओळींत मोकळी जागा सोडायची ती संपादकाच्या पेन्सिलीसाठी, आणि समास खिळे जुळवणाऱ्याला सूचना लिहिण्यासाठी. पेन्सिल गेली, खिळे वितळले, अंतर उरलं. टाइम्स न्यू रोमन हा टंकही वर्तमानपत्राचा, लंडनच्या 'द टाइम्स'साठी १९३२ मध्ये तयार झाला. अरुंद रकान्यात जास्त मजकूर मावावा हा हेतू. तो पीएचडीच्या प्रबंधात का, हे विचारू नये. टंकावाचून विज्ञान अडत नाही हे ४ जुलै २०१२ ला सिद्ध झालं. हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा करताना सर्नच्या फाबिओला जियानोत्ती यांच्या स्लाइड कॉमिक सॅन्समध्ये होत्या, म्हणजे बालवाडीच्या निमंत्रणपत्रिकेच्या टंकात. इंटरनेटवर निम्मी चर्चा कणाची आणि निम्मी टंकाची.

गोगलगाय आणि कंस

लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, वर्ष, सगळं कंसात. ही हार्वर्ड पद्धत आली गोगलगायीच्या पाठीवर बसून. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर लांबलचक निबंध लिहिला आणि त्यात संदर्भ असे कंसात दिले. त्याआधी ज्याला जसं सुचेल तसं. आकडे घालायची व्हँकूवर पद्धत १९७८ ची: वैद्यकीय जर्नलांचे संपादक त्या शहरात भेटले आणि सगळ्यांनी एकच साचा मानायचं ठरवलं. मानसशास्त्रवाल्यांचे एपीएचे नियम १९२९ मध्ये सात पानांत मावले होते. आता पुस्तक चारशे पानांच्या वर गेलं आहे, आणि पूर्णविरामानंतर एक जागा सोडायची की दोन यावर त्या पुस्तकाने स्वतःचंच मत फिरवलं आहे. सातव्या आवृत्तीनुसार सध्या एक.

एक्सेलचा मार्च, फारसीचा नुक्ता

माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-२ अशी होती. ती एक्सेलच्या चौकटीत टाइप केली की एक्सेल मदतीला धावून येतं आणि त्यांची तारीख करून टाकतं: १ मार्च, २ सप्टेंबर. २०१६ मध्ये तीन संशोधकांनी तपासलं, तर जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी जवळजवळ पाचातला एक असा बिघडलेला निघाला. मायक्रोसॉफ्ट बदलेना. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि जनुकांचं बारसं पुन्हा केलं. मार्च-१ आता मार्च-एफ-१ आहे. माणसाच्या जनुकाने सॉफ्टवेअरपुढे नमतं घेतल्याचं हे उदाहरण मला तरी हिग्जहून मोठं वाटतं. तीन वर्षांनी एक्सेलने ती सवय बंद करायची सोय दिली. तोवर नावं बदलून झाली होती.

याहून नामी किस्सा 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'चा. अशी कुठलीच सूक्ष्मदर्शी पद्धत जगात नाही. तरी ती गेल्या काही वर्षांत कितीतरी पेपरांत दिसू लागली. माग काढत लोक १९५० च्या दशकातल्या जिवाणूशास्त्राच्या जुन्या अंकांपर्यंत पोचले. पान दोन रकान्यांचं. डाव्या रकान्यात एका ओळीच्या शेवटी 'व्हेजिटेटिव्ह', उजव्या रकान्यात त्याच उंचीवर 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'. स्कॅन करणाऱ्या यंत्राने मधली पांढरी पट्टी ओलांडून सरळ वाचलं, आणि दोन भलत्याच वाक्यांचं लग्न लागलं. भरीत भर म्हणजे फारसीत 'स्कॅनिंग' आणि 'व्हेजिटेटिव्ह' यांसाठीचे शब्द लिहिताना फरक एका नुक्त्याचा. अनुवादात तो इकडचा तिकडे झाला की बिघडलंच. पुढे हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पोटात गेलं, आणि तीही ही पद्धत बिनदिक्कत लिहू लागली.

बुद्धिमत्तेचंच निघालं म्हणून: २०२४ मध्ये एका पेपराची प्रस्तावना 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' अशा सेवातत्पर शब्दांनी सुरू झाली होती. लेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक, कुणाच्याही नजरेत ती आली नाही. अर्थात हे माणसांनाही जमतं. दहा वर्षं आधी माशांवरच्या एका पेपरात लेखकांची आपसातली टीप तशीच छापून आली: त्या अमक्याच्या फडतूस पेपराचा उल्लेख इथे करायचा का? झाला की उल्लेख!

मराठीतला पेपर उघडेना

मराठीत शोधनिबंध पाठवणाऱ्याचं दुखणं वेगळंच. पुण्याहून श्रीलिपीत टाइप करून फाइल नांदेडला गेली, तिथल्या संगणकात तो टंक नसला की पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलर आणि टक्क्यांचा चिवडा. कारण त्या जुन्या टंकांत देवनागरी हा नुसता मुखवटा. आत रोमन अक्षरांचेच क्रमांक. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हे संपायला हवं होतं. पण मग जुनं नव्यात बदलताना पहिली वेलांटी दगा देते. ती दिसते अक्षराच्या आधी, जुन्या टंकात नोंदही आधीच. युनिकोडात मात्र अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर जरा कच्चं असलं की वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर आणि रफार अधांतरी. 'पीडीएफ आणि ओपन फाइल दोन्ही पाठवा, सोबत फॉन्टही जोडा' ही मराठी संपादकांची सूचना याच अनुभवातून आली आहे.

तळटीपांत 'तत्रैव' आणि 'उनि' ही जुनी जोडी अजून टिकून आहे. तत्रैव म्हणजे वरच्याच संदर्भात, उनि म्हणजे उपरिनिर्दिष्ट, आधी येऊन गेलेला ग्रंथ. गाइडने वाचून मध्येच एक नवी तळटीप घालायला सांगितली, की खालचा तत्रैव मुकाट्याने भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. रियासतीतलं अवतरण ज्ञानकोशाच्या नावावर!

मग साहित्यचौर्याची चाळणी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, साठाच्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द. एक बारकावा फार जणांना ठाऊक नसतो: सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाने आलेलं साम्य धरत नाहीत. पंधरावा शब्द जपून.

परीक्षक नको रे बाबा

१९३६ मध्ये आइनस्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह फिजिकल रिव्ह्यूला पेपर पाठवला: गुरुत्वीय लहरी नसतातच. संपादक जॉन टेट यांनी तो तज्ज्ञाकडे धाडला, तज्ज्ञाने लांबलचक शंका काढल्या. आइनस्टाइन भडकले. छापण्यासाठी पाठवला होता, कुणाला दाखवायला नव्हे, असं कळवून त्यांनी पेपर मागे घेतला आणि त्या जर्नलकडे पुन्हा संशोधन पाठवलं नाही. गंमत पुढे आहे. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांनी प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांच्या सहायकाला गप्पांच्या ओघात चूक दाखवली, 'तो परीक्षक मीच' हे न सांगता. १९३७ मध्ये पेपर दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष उलटा झाला होता.

लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं झाकून तपासायची पद्धत, तिचा सगळ्यात देखणा प्रयोग विज्ञानाच्या जर्नलात नव्हे, मराठी कथास्पर्धेत झाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली. जयंत नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध. नाव बघूनच परीक्षक वाकले असते. त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी फिरवली, ज. वि. ना. चे ना. वि. ज. झाले, आणि नारायण विनायक जगताप हे नाव बेतलं. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून 'कृष्णविवर' ही कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना! आज निनावी म्हणून पेपर पाठवताना फाइलीच्या माहितीत स्वतःचं नाव तसंच ठेवणाऱ्यांनी हा धडा गिरवावा.

परीक्षक नसले तर काय होतं? २०१४ मध्ये एका ऑस्ट्रेलियन संशोधकाने, ईमेलचा भडिमार करणाऱ्या एका तथाकथित आंतरराष्ट्रीय जर्नलला वैतागून एक जुना थट्टेचा पेपर पाठवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य, 'मला तुमच्या यादीतून काढा', सोबत एक शिवी. आकृत्यांतही तेच. अभिप्राय आला: उत्कृष्ट. स्वीकारला, दीडशे डॉलर भरा.

आपल्याकडे बढतीच्या पॉइंटांसाठी अशा दुकानांची चलती होतीच. 'पेपर द्या, ४८ तासांत प्रसिद्धी, प्रमाणपत्र कुरिअरने' हे मेसेज कुठल्या प्राध्यापकाच्या फोनवर नाहीत? यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीची छाननी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या चमूने केली आणि २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये मांडली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, तपासलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी यादीतून ४,३०५ जर्नलं उडाली. नंतर केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही गेली. दुकानं आहेत.

दोन डॉलर छप्पन्न सेंट

पेपर स्वीकारला गेला की मुद्रितं येतात, आणि मुद्रितांनी एका माणसाचं डोकं असं फिरवलं की जगभरच्या गणिती पेपरांचा चेहरा बदलला. १९७७ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रितं पाहिली. खिळ्यांऐवजी फोटोटाइपसेटिंग, आणि समीकरणं भयाण. त्यांनी ठरवलं, आपणच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहू. एका सुट्टीत उरकेल असा अंदाज होता, सुमारे दहा वर्षं गेली. तो प्रोग्राम म्हणजे टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक रचलं, आणि आज गणित-भौतिकीतले बहुतेक पेपर त्यातच सजतात. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पायच्या एक घर जवळ सरकतो: ३.१४, ३.१४१, ३.१४१५... नुथ यांच्या पश्चात तो पाय होईल आणि तेव्हा उरलेल्या चुका ही वैशिष्ट्यं मानावीत, अशी त्यांची सूचना आहे.

त्यांच्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा धनादेश देत. २५६ सेंट म्हणजे एक षोडशमान डॉलर. लोक ते वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावत. पण धनादेशांवरून खात्यात घुसखोरी होऊ लागली, तेव्हा २००८ पासून नुथ खऱ्या बँकेऐवजी सॅन सेरिफ बेटांवरच्या बँकेचं प्रमाणपत्र देतात. ही बेटं नकाशात शोधू नका. १९७७ च्या १ एप्रिलला 'द गार्डियन'ने त्यांच्यावर सात पानी पुरवणी काढली होती, गावांची नावं सगळी छपाईच्या धंद्यातली, आणि दोन बेटांचा मिळून आकार अर्धविरामासारखा.